रॉड हाड जुळवत नाही

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात रात्री मोटरसायकलवर निघालेला माणूस पोलिसाला भीत नाही, रोह्याला म्हणजे नीलगाईला भितो. जूनमध्ये, सरकी टोबून झाली त्याच आठवड्यात, मला रोही आडवा आला. उजव्या पायाची नडगी मोडली आणि हाडाचं टोक कातडीबाहेर आलं. नडगीवर हात फिरवून पाहा: समोरून मांस नाहीच, कातडी आणि लगेच हाड. बाहेर यायला त्याला फार मेहनत लागत नाही.

मागून येणाऱ्या दोघा मित्रांनी जखमेवर धुतलेला दुपट्टा ठेवला, कुंपणाच्या तुराट्या पायाला दोन्हीकडून लावून बांधल्या आणि 108 ला फोन केला. हाड आत ढकलायचा उद्योग कोणी केला नाही, हे माझं नशीब. जमलेल्यांपैकी एकाने हाडवैद्याचं नाव काढलं होतं. हाडवैद्यांना सरसकट नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण उघड्या जखमेवर लेप म्हणजे जंतूंना आवतण, आणि सुजणाऱ्या पायावर आवळलेल्या कामट्या त्याहून वाईट. पोटरीचे स्नायू फारशा न ताणणाऱ्या पडद्यांच्या कप्प्यांत असतात. सूज वाढली, वरून आवळलं, की कप्प्यात दाब वाढतो, रक्त आत शिरेनासं होतं आणि साधारण सहा तासांत स्नायू कायमचा निकामी होऊ लागतो. पायाची बोटं दुसऱ्याने जराशी ताणली तरी जीव जाईल अशी कळ येणं, ही त्याची खूण.

दवाखान्यात आधी अँटिबायोटिक दिलं. उघड्या फ्रॅक्चरमध्ये ते जितकं लवकर, तितका हाडात पू होण्याचा धोका कमी. मग जखम धुतली, आणि मग रॉड. गुडघ्याच्या वाटीजवळ छेद घेऊन हाडाच्या पोकळ नळीत धातूची सळई सरकवतात, वर-खाली आडवे स्क्रू टाकून ती अडकवतात. मूळ कल्पना जर्मन सर्जन गेरहार्ड कुंचर यांची. 1939 मध्ये कील शहरात त्यांनी मांडीच्या हाडात असा खिळा घातला होता.

"रॉड टाकला ना? मंग काऊन टेन्शन घेतं बे?" भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा. इथेच घोळ आहे. रॉड नुसता धरून ठेवतो, जुळायचं काम हाडालाच करावं लागतं. मोडल्या जागी आधी रक्ताची गाठ जमते. दोन-तीन आठवड्यांत तिच्या जागी कुर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, मग त्यात कॅल्शियमचे क्षार भरत जातात. याला डॉक्टर कॅलस म्हणतात. सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत माझ्या मोडीभोवती धुरकट ढगासारखं काही दिसलं, तेव्हा शेतात कपाशीला पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागली होती.

पक्कड नसेल तर कुंपणाची तार आपण कशी तोडतो? एकाच जागी मागेपुढे वाकवून. न जुळलेल्या हाडातल्या रॉडवर दर पावलाला तसाच बारीकसा ताण येतो. हाड वेळेत जुळलं तर भार ते स्वतःवर घेतं. नाही जुळलं तर एक दिवस रॉड किंवा स्क्रू तुटतो. मग पाय टेकवायचाच नाही का? तेही चालत नाही. हाड भार पाहून घडतं, हे जर्मन डॉक्टर युलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडलं होतं. अंतराळात भार नसतो, तिथे अंतराळवीरांच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला 1 ते 1.5 टक्क्याने घटते. मोडल्या जागी होणारी किंचित हालचाल तर कॅलसला चालनाच देते.

माझ्या हाडाचे तुकडे जास्त होते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं: सध्या 15 किलोच भार. आता 15 किलो म्हणजे किती, हे पायाला कसं कळणार? एका मित्राचा कापूस खरेदीचा धंदा आहे. त्याने त्याचा इलेक्ट्रॉनिक काटाच ओसरीवर आणून ठेवला. डावा पाय तेवढ्याच उंचीच्या विटांवर, उजवा काट्यावर, हातात वॉकर. मला वाटायचं जेमतेम दहा झाले असतील, तर आकडा 28! "कमी कर बे, कमी कर," तो ओरडायचा. चार दिवसांनी डोळे मिटूनही 14-15 जमायला लागलं. प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून तिचं कमोड करणाराही तोच, पण त्यावर जास्त लिहीत नाही.

मित्रांचं सगळंच औषधी नव्हतं. संध्याकाळी मंडळी जमली की पन्नी निघायची, खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण घोटलं जायचं. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि कॅलसला तर रक्तच हवं असतं. सिगारेट ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात, हे नीट सिद्ध झालेलं आहे; खर्ऱ्यातही निकोटीनच. हे कळल्यावर त्यांनी ओसरीवर खर्रा बंद केला. स्वतःचा नाही, फक्त माझ्यासमोरचा.

पायाच्या गंभीर दुखापतींचे 569 रुग्ण दोन वर्षं तपासून अमेरिकेत एक अभ्यास झाला, 2002 मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. पाय वाचवला की कापला, यावरून निकालात फारसा फरक पडला नव्हता. ज्यांची अवस्था वाईट राहिली त्यांच्याशी जोडलेल्या गोष्टींत गरिबी होती, धूम्रपान होतं, आणि जवळच्या माणसांचा तोकडा आधारही होता. माणसांमुळेच हाड जुळतं, असं यातून सिद्ध होत नाही. पण माझ्या ओसरीवर तो काटा कोणी आणला नसता, तर मी रोज 28 किलोच टेकवत राहिलो असतो.

दिवाळीच्या सुमारास काटा परत गेला, कारण कापसाचा पहिला वेचा सुरू झाला होता आणि बायांची मजुरी किलोवर द्यायची होती. वॉकर सुटला होता, हातात एक काठी. धुऱ्यापर्यंत चालत गेलो तर मित्राने कापसाचं गाठोडं बाजूला सरकवलं नि म्हणाला, "चढ." दोन्ही पायांनी चढलो. 61 किलो. अपघाताआधी 68 होतो.

"मांडीचं मांस गेलं तुझं," तो म्हणाला, आणि पुढचं गाठोडं काट्यावर ठेवलं.