ब्लॅक बुक आणि नववीचा विज्ञानाचा तास

नवी मुंबईतल्या ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ या पट्ट्यात इंजिनीअरिंग कॉलेजं आणि महापालिकेच्या शाळा एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. तरीही शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि नववीचा विज्ञानाचा तास यांची गाठ क्वचितच पडते. याची मुळं दोन्हीकडच्या इतिहासात आहेत.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. नेरूळचं रामराव आदिक कॉलेज त्याच वर्षीचं, ऐरोलीचं दत्ता मेघे १९८८ चं. सिडकोचं शहर अजून वसत होतं आणि शेजारी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कारखाने होते. प्रोजेक्टचा विषय शोधायला मुलं कारखान्याकडे वळायची, नाहीतर आधीच्या बॅचची ब्लॅक बुकं, म्हणजे प्रोजेक्टचे बांधीव अहवाल, चाळायची. शाळेत जाऊन विचारावं, असं सुचायला काही निमित्तच नव्हतं.

शालेय शिक्षणात मात्र विचार कितीतरी आधी सुरू झाला होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव आणि समाजसेवेला शिक्षणात जागा दिली. १९६९ मध्ये कॉलेजच्या मुलांसाठी राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) आली. माझ्या मते खरा धडा १९७२ चा आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) व दिल्ली विद्यापीठ इथली माणसं गावातल्या शिक्षकांच्या शेजारी येऊन बसली. किट स्वस्त, जवळपास मिळणाऱ्या वस्तूंचं. शिक्षकांच्या मासिक गोष्ठी, म्हणजे बैठका, व्हायच्या. वर्गात काय अडलं ते तिथे बोललं जायचं आणि त्यावरून पाठ बदलायचे. उपकरण देऊन कोणी निघून जात नव्हतं. २००२ मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला, याची हळहळ आजही वाटते. १९७४ मध्ये स्थापन झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर आपल्या वाशी खाडीपुलापलीकडे, मानखुर्दलाच आहे.

२०१६ पासून सहावी ते बारावीसाठी अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहायच्या केंद्र सरकारच्या योजनेतल्या प्रयोगशाळा, आल्या. शाळेत सेन्सर आणि थ्रीडी प्रिंटर पोचले, पण ते रोज हाताळणारं माणूस हवंच.

कॉलेज आणि शाळा यांच्या वेळापत्रकाचा मेळ कधी कोणी घातला नाही. कॉलेजात सातव्या सेममध्ये, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत, विषय ठरतो आणि प्रोजेक्ट नीट चालू लागेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. तेव्हा शाळेत परीक्षा, मग मे महिन्याची सुट्टी. जूनमध्ये शाळा उघडते तोवर व्हायवा (तोंडी परीक्षा) होऊन ग्रुप पांगलेला असतो. शाळेला दिलेलं मॉडेल कपाटात राहतं, कारण सुटलेली वायर कुठे जोडायची हे विज्ञानाच्या बाईंना कोणी दाखवलेलंच नसतं.

मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमाने दुसऱ्या वर्षापासून मिनी प्रोजेक्ट आणले, तेव्हा नकळत एक दार उघडलं. दुसऱ्या वर्षी शाळेत गेलेला ग्रुप शेवटच्या वर्षीही त्याच शाळेत जाऊ शकतो. पहिल्या भेटीत सातवीत असलेली मुलं तोवर नववीत आलेली असतात.