दिव्यांगांचा दवाखान्याचा प्रवास: कुठली सवलत, कुठले कागद

धडगावकडच्या पाड्यावरून माणूस आधी झोळीतून सडकेपर्यंत येतो, तिथून काळी-पिवळीनं शहाद्याला आणि मग एसटीनं नंदुरबार नाहीतर धुळ्याला. औषध फुकट मिळतं, पण सोबतच्या माणसाचा रोज बुडतो आणि भाड्याला उसनवारी होते. हे भाडं बऱ्याच अंशी वाचू शकतं. अडचण एवढीच, की दिव्यांगाला घरून नेमानं दवाखान्यात नेणारी एकच अशी सरकारी गाडी नाही. मदत तुकड्यातुकड्यांत आहे आणि प्रत्येक तुकड्याचा कागद वेगळा आहे.

आधी १०८. ही गाडी मोफत असते, पण ती तातडीच्या वेळेसाठी. अपघात, झटका, श्वास अडकणं अशा वेळी ती जवळच्या योग्य रुग्णालयात नेते. दर महिन्याच्या तपासणीला ती येणार नाही, घरी सोडायलाही नाही. मात्र सरकारी दवाखान्यातून मोठ्या रुग्णालयात पाठवताना डॉक्टरांना १०८ बोलवायला नक्की सांगा. १०२ ही गरोदर बाई, बाळंतीण आणि वर्षाच्या आतलं बाळ यांच्यासाठी. ती न्यायलाही येते आणि घरीही सोडते. दिव्यांग बहीण गरोदर असेल तर आशाताईला आधीच सांगून ठेवा.

बाकी सगळ्याची किल्ली म्हणजे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा आणि असतील ते उपचाराचे कागद लागतात. मग रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळापुढे तपासणी होते आणि टक्केवारी ठरते. ४० टक्के आणि त्यापुढे असेल तर सवलतींचं दार उघडतं. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच टाका. एका अक्षरापायी महिनोनमहिने अडकलेले अर्ज मी पाहिले आहेत.

एसटीच्या साध्या गाडीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे. अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही निम्मं तिकीट. सोबत आई किंवा बहीण असेल तर महिला म्हणून तिचं तिकीट २०२३ पासून तसंही अर्धंच आहे, त्यामुळे ६५ चा हा आकडा खरा महत्त्वाचा ठरतो तो बाप किंवा भाऊ सोबत असतो तेव्हा. सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या रुग्णांना साध्या गाडीत प्रवास मोफत आहे. त्यासाठी सरकारी डॉक्टरांचा दाखला जवळ लागतो. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल घरोघरी माहीत असलेला आजार. २०१६ च्या कायद्यानं तो अपंगत्वाच्या २१ प्रकारांत घेतला आहे, तरी कितीतरी घरांतून पूर्ण तिकीट काढलं जातं.

रेल्वेचं मात्र नीट समजून घ्या, कारण फसगत इथंच होते. पूर्ण अंध, बौद्धिक दिव्यांग आणि सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग यांना स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच. पण त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. गेल्या उन्हाळ्यात चोपड्याकडच्या एका भावाचा अर्ज मी भरून दिला होता. कमरेखाली दोन्ही पाय निकामी, टक्केवारी ८०. दाखल्यावर टक्के होते, सही होती, शिक्काही होता. फक्त सोबत्याशिवाय प्रवास करता येत नाही, ही एक ओळ राहून गेली होती. अर्ज परत आला. त्या एका ओळीसाठी त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी त्याला पुन्हा पाठुंगळी घेऊन एसटीच्या पायऱ्या चढवल्या. म्हणून विनवून सांगते, डॉक्टरांच्या टेबलासमोरून उठण्याआधी ती ओळ वाचून घ्या.

दाखला, फोटो, ओळखपत्र आणि वयाचा पुरावा रेल्वेच्या दिव्यांगजन पोर्टलवर चढवायचा. जवळचं स्टेशन निवडताना ते कुठल्या रेल्वेत येतं याकडे ध्यान द्या. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, धुळे हे मध्य रेल्वेत येतात, तर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार पश्चिम रेल्वेत. रेल्वेचं हे कार्ड आलं की त्याच्या नंबरावर खिडकीवर किंवा मोबाइलवर तिकीट निघतं. मुदत संपायच्या आत नूतनीकरण करा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भरती झाला असाल, तर घरी परतताना एकवेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं पॅकेजमध्येच धरलेलं असतं. सुट्टी व्हायच्या आदल्या दिवशीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला विचारा, कारण बिलं आवरली की कोणी लक्ष देत नाही.

आणि खासगी गाडीशिवाय जमतच नसेल तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चणं ग्रामपंचायतीला, तसंच नगरपालिका-महापालिकेलाही बंधनकारक आहे. अर्जाला यूडीआयडीची प्रत, डॉक्टरांनी दिलेल्या पुढच्या तारखांचा कागद आणि गाडीभाड्याची पावती जोडा. तोंडी सांगू नका. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय वाचून दाखवायला लावा.