मोठी एबीसीडी, छोटी एबीसीडी आणि उडता उडता वाचलेली डिस्क

मराठी मीडियमवाल्यांना आठवत असेल, आधी मोठी एबीसीडी घोटून घ्यायचे आणि मग छोटी, आणि आपल्याला प्रश्न पडायचा की एकाच अक्षराला दोन रूपं कशाला, आपल्या क ला कुठे मोठा क छोटा क असतो. तीच दोन रूपं मला पुढे नोकरीत नडली.

क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या कॉम्प्युटर्सवर, डिस्क-नेटवर्क उभारून देणाऱ्या टेराफॉर्मसारख्या टूलला आपण फाइलमध्ये फक्त सांगायचं असतं की मला अमुक नावाची डिस्क हवी, तमुक नावाचं नेटवर्क हवं. टूल आपलं लिहिलेलं आणि क्लाउडवर खरंच असलेलं शेजारी ठेवून ताडून बघतं, फरक दिसला की बदल सुचवतं. ही सुचवलेल्या बदलांची यादी म्हणजे प्लॅन, आणि अप्लाय केलं की ते बदल खरंच होतात. मी एकदा फाइल नीटनेटकी करायच्या नादात एका डिस्कच्या नावातला कॅपिटल पी स्मॉल केला, बस एवढंच, आणि प्लॅन चालवला तर जुनी डिस्क डिस्ट्रॉय, नवी क्रिएट! डिस्क उडाली की आतला डेटाही गेला. आणि गंमत म्हणजे त्या क्लाउडच्या लेखी दोन्ही नावं एकच. नशीब, अप्लाय करायच्या आधी प्लॅन वाचायची सवय होती.

कॉम्प्युटरचं म्हणणं साधं आहे. कॅपिटल ए चा आकडा ६५, स्मॉल ए चा ९७, फरक ३२ चा, म्हणजे एका बिटचा, एका ०-१ चा. बिट वेगळा म्हणजे नाव वेगळं. (अक्षरांना हे आकडे देणाऱ्या आस्की कोडच्या १९६३ च्या पहिल्या आवृत्तीत स्मॉल अक्षरं नव्हतीच, ती १९६७ मध्ये आली. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.)

पण खरी अडचण बिटची नाहीच, नियम कोणाचा हा प्रश्न आहे. लिनक्सवर साधारणपणे मोठ्या एम चं मेकफाइल आणि छोट्या एम चं मेकफाइल या दोन वेगळ्या फाइली. विंडोज आणि मॅक नाव जसं दिलं तसं ठेवतात पण शोधताना मोठं-छोटं बघत नाहीत, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या डीएनएसलाही मोठ्या-छोट्याचा फरक पडत नाही. अॅमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठवणीत बकेटच्या, म्हणजे तिथल्या डब्याच्या, नावात कॅपिटल चालतच नाही. मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युर क्लाउडमध्ये बहुतेक नावांना फरक पडत नाही, आणि वर त्याचा एपीआय, म्हणजे टूल ज्याच्याशी बोलतं तो भाग, नाव परत देताना वेगळ्याच केसमध्ये (मोठ्या-छोट्या अक्षरांत) देऊ शकतो, म्हणजे तुम्ही काहीच बदललं नाही तरी टूलला फरक दिसणार.

मग सगळं स्मॉल करून टाकू या, हे पहिलं डोक्यात येतं आणि तिथेच माती खाल्ली जाते, कारण लिनक्सवरच्या त्या दोन फाइली एक होऊन बसतात. नाव टाइप केलं तसंच ठेवायचं, फक्त ताडताना केस सोडून द्यायची, आणि तेही जिथे पलीकडची सिस्टीम सोडते तिथेच. गो या प्रोग्रामिंग भाषेत केस सोडून ताडायचं काम ‘इक्वलफोल्ड’ नावाचं फंक्शन करतं.

स्मॉल करणंही वाटतं तितकं सोपं नाही हां. तुर्की भाषेत कॅपिटल आय चं स्मॉल रूप बिनटिंबाचं असतं, त्यामुळे तुर्की सेटिंगच्या मशीनवर तोच कोड वेगळं उत्तर देऊ शकतो.

आणि आपली देवनागरी सुटली असं वाटत असेल तर ‘दऱ्या’ टाइप करून बघा. त्यातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांना आकडे देणाऱ्या कोडमध्ये, एका कोडनेही लिहिता येतो, आणि र ला नुक्ता (खालचा टिंब) जोडून दोन कोडनेही. डोळ्याला दोन्ही सारखेच, टूलला मात्र दोन वेगळी नावं, आणि इथे इक्वलफोल्डही हात वर करतं.