सीझरचा खरा चेहरा चाराण्याएवढाच आहे

चाराण्याचं ते जुनं स्टीलचं नाणं आठवतंय का, गेंड्याचं चित्र असलेलं? साधारण तेवढ्याच आकाराचं, म्हणजे १९ मिलिमीटरच्या आसपास, आणि जेमतेम पावणेचार ग्रॅम वजनाचं एक चांदीचं नाणं इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला रोमच्या टांकसाळीतून बाहेर पडलं. त्याला डिनेरियस म्हणायचे. त्याच्यावर ज्युलियस सीझरचा चेहरा होता, एका बाजूने दिसणारा, गाल बसलेले, मान लांब आणि तिच्यावर आडव्या वळ्या, कंठमणी पुढे आलेला, डोक्यावर पानांचा मुकुट आणि बाजूला त्याचं नाव. तोपर्यंत रोमच्या टांकसाळीत जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर पाडायची पद्धतच नव्हती, देव असायचे, देवी असायच्या, फार तर कुणाचे तरी मेलेले पूर्वज. हे नाणं लोकांच्या हातात खेळायला लागलं आणि दोनेक महिन्यांत, १५ मार्चला, सीझरचा खून झाला.

नाण्याबद्दल इतकं सविस्तर सांगतोय कारण जगभरच्या म्युझियममध्ये सीझर म्हणून जे अर्धपुतळे ठेवलेत त्यातल्या एकाही प्राचीन पुतळ्यावर त्याचं नाव कोरलेलं नाही. नावासकट आणि त्याच्या हयातीतला असा चेहरा मिळतो तो फक्त नाण्यांवर. पुतळा सापडला की तज्ज्ञ करतात काय, तर पुतळ्याची बाजू नाण्याशेजारी धरून बघतात. मान जुळते का, हनुवटी जुळते का, कपाळावरून केस किती मागे गेलेत. गेली कित्येक शतकं हेच चाललंय, आणि आता थ्रीडी स्कॅनर आला तरी शेवटी सगळं त्या चाराण्यापाशीच येऊन थांबतं.

आता नाण्यावरचा चेहरा तरी किती भरवशाचा? त्या काळी लोखंडाच्या किंवा काशाच्या ठशावर कारागीर उलटा चेहरा हाताने कोरायचा, चांदीची चकती तापवून दोन ठशांच्या मधे ठेवायची आणि वरून हातोडा मारायचा. ठसा झिजला, फुटला की नवा कोरायचा, आणि प्रत्येक कारागिराचा हात वेगळा, त्यामुळे इ.स.पू. ४४ च्या नाण्यांवरचे सगळे सीझर शेजारी शेजारी लावले तर एकाची मान बगळ्यासारखी आणि दुसऱ्याची बऱ्यापैकी भरलेली दिसते. आपल्याकडेही हे झालंय. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातली बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारून परत चालवलेली, आणि त्या नाण्यांवरचे नहपानाचे चेहरे एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की त्यांचा अभ्यास करणाऱ्या रेव्हरंड स्कॉट यांना हे एका माणसाचे नसून घराण्यातल्या वेगवेगळ्या लोकांचे असावेत असं वाटलं होतं. नाव एक, चेहरे अनेक. सीझरच्या बाबतीतही हे डोक्यात ठेवूनच पुढे जायला हवं.

मग हाडांवरून का नाही ओळखत, असं कुणीही विचारेल. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड २०१२ साली पार्किंगच्या जागेखाली सापडला, कवटीवरून त्याचा चेहरा बनवला, डीएनए जुळवला. सीझरच्या बाबतीत हा रस्ताच बंद आहे, कारण त्याला रोमच्या फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, अग्नी दिला गेला. कवटी नाही, दात नाही, काही नाही. त्या अंत्यविधीचं अॅपियन या इतिहासकाराने केलेलं वर्णन वाचून मी अक्षरशः थांबलो होतो. प्रेत आडवं ठेवलेलं असल्यामुळे गर्दीला दिसत नव्हतं, म्हणून त्याची मेणाची प्रतिमा वर उचलून एका यंत्राने चारी बाजूंना फिरवली, अंगावरच्या आणि चेहऱ्यावरच्या २३ जखमांसकट. जखमांचा आकडा सुएटोनियस या रोमन चरित्रकारानेही २३च दिलाय, आणि अँटिस्टियस नावाच्या वैद्याने तपासून यातली फक्त एकच, छातीवरची दुसरी जखम जीवघेणी होती असं सांगितल्याचीही नोंद केलीय. लिहून ठेवलेल्या शवतपासणीचं इतकं जुनं उदाहरण फार क्वचित मिळतं. सीझरच्या मरणानंतरची पहिली प्रतिमा ही, मेणाची, आणि ती अर्थातच टिकली नाही.

टिकलं ते दगडातलं. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा अर्धपुतळा सध्या इटलीत तुरिनच्या म्युझियममध्ये आहे. नेपोलियनचा भाऊ ल्युसिअँ बोनापार्टने १८२५ साली रोमजवळच्या टस्क्युलमला खोदकाम करवलं तेव्हा तो निघाला, पण तेव्हा हा सीझर आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही! पार १९४० साली मॉरिझिओ बोर्डा या अभ्यासकाने तो नाण्याशी ताडून बघितला आणि सांगितलं की हा सीझर. केस मागे गेलेले, मानेवर वळ्या, ओठांच्या कडेला हलकंसं हसू म्हणता येईल असं काहीतरी. मला सगळ्यांत हाच आवडतो कारण याच्यात सुंदर करायचा प्रयत्न नाही, दमलेला पन्नाशीतला माणूस आहे. व्हॅटिकनमधला कियारामोंती नावाने ओळखला जाणारा दुसरा प्रकार बघा, तो सीझरच्या मरणानंतर त्याच्या दत्तक मुलाच्या, म्हणजे ऑगस्टसच्या काळातला मानतात, आणि त्यात केस दाट झालेत, सुरकुत्या गेल्यात, चेहऱ्यावर देवाची शांती आलीय. तोपर्यंत सीझरला अधिकृतपणे देव केलेलं होतं ना.

टस्क्युलमच्या पुतळ्यात डोक्याचा आकार विचित्र आहे. माथ्यावर घोड्याच्या खोगिरासारखा खोलगट भाग आणि कवटीची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त फुगलेली. डॉक्टरी भाषेत पहिल्याला क्लिनोसेफली आणि दुसऱ्याला प्लॅजिओसेफली म्हणतात. बाळ जन्मतं तेव्हा कवटीची हाडं सुटी असतात, मधले सांधे मऊ असतात, आपल्याकडे टाळू भरली का म्हणून विचारतात ते हेच. हे सांधे उघडे असतात म्हणून बाळंतपणात डोकं दबून बाहेर येऊ शकतं आणि पुढे मेंदू वाढतो तशी कवटीही वाढते, पण एखादा सांधा वेळेआधीच जुळला तर त्या बाजूची वाढ अडते आणि मेंदू दुसरीकडे जागा शोधतो, म्हणून डोकं वाकडं होतं. नुसतं सतत एकाच कुशीवर झोपवल्यानेही थोडं चपटं होतं. सीझरला यातलं खरंच काही होतं का? ज्याने इतक्या सुरकुत्या लपवल्या नाहीत त्या शिल्पकाराने डोक्याचा आकारही प्रामाणिकपणे दाखवला असेल असं मानायला जागा आहे, पण संगमरवरावरून पेशंट तपासता येत नाही, एवढंही म्हणायला हवं.

आणि म्हणूनच २०१८ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या म्युझियममध्ये जो थ्रीडी सीझर दाखवला त्याच्याबद्दल माझं मन थोडं अडखळतं. माया द'होलोसी या अनुभवी मानवशास्त्रज्ञ बाईंनी तो बनवला, काम सुरेखच आहे, कातडी, डोळे, कानशिलावर मोठा फुगवटा. बातम्या झाल्या की हा सीझरचा खरा चेहरा. पण गुन्हे तपासात चेहरा उभा करतात तो कवटीवर, गालावर किती मिलिमीटर मांस, कपाळावर किती, याचे मोजलेले सरासरी आकडे वापरून, आणि इथे कवटीच नव्हती. लायडनचा आणि टस्क्युलमचा असे दोन जुने दगडी चेहरे स्कॅन करून त्यावर ते केलंय. म्हणजे हा सीझरचा नाही, सीझरच्या पुतळ्यांचा चेहरा आहे.

विज्ञान मात्र दगडाबद्दल खूप काही सांगू शकतं. २००७ साली फ्रान्समध्ये आर्ल या गावी ऱ्होन नदीच्या तळातून पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांच्या टीमने एक अर्धपुतळा वर काढला, साधारण ४० सेंटीमीटर उंच, आणि टीमप्रमुख ल्यूक लाँग यांनी हा सीझर असल्याचं सांगितलं. आर्ल ही सीझरनेच इ.स.पू. ४६ मध्ये आपल्या निवृत्त सैनिकांसाठी वसवलेली वसाहत, त्यामुळे गोष्ट जुळत होती, आणि खुनानंतर घाबरून कुणीतरी तो नदीत टाकला असेल अशीही कल्पना मांडली गेली. पण लगेच बऱ्याच तज्ज्ञांनी शंका घेतली, की नाण्यावरचा तो लांब मानेचा सुकलेला माणूस कुठे आणि हा भरीव चेहऱ्याचा कुठे. वाद अजून मिटलेला नाही.

वाद नाही तो संगमरवराबद्दल. तो आजच्या तुर्कस्तानातल्या डोकिमेऑनच्या खाणीतला निघाला. हे कळतं कसं तर संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यात कार्बन आणि ऑक्सिजन आलेच, आणि या दोघांचे हलके-जड असे प्रकार असतात, कार्बन-१२ आणि १३, ऑक्सिजन-१६ आणि १८. मूळ चुनखडी कुठल्या समुद्रात साचली, नंतर जमिनीखाली किती तापली, कुठलं पाणी तिच्यातून गेलं यावर त्यांचं प्रमाण ठरतं, म्हणून प्रत्येक खाणीची जवळपास स्वतःची सही असते. पुतळ्याच्या मागच्या बाजूने काही मिलिग्रॅम भुकटी काढायची, मास स्पेक्ट्रोमीटर या हलके-जड अणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात घालायची आणि खाणींच्या नोंदींशी जुळवायची. दोन खाणींच्या सह्या सारख्या आल्या तर मग स्फटिकांचा आकार बघतात, किंवा इलेक्ट्रॉनचा झोत मारून दगड कुठल्या रंगात चमकतो ते बघतात, त्यातल्या मँगनीजमुळे नारिंगी झाक येते. एवढं सगळं करून आपल्याला दगडाचं गाव कळतं. नाक कुणाचं, ते नाही कळत.

दगड असा नीट तपासणं किती महत्त्वाचं आहे ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या सीझरवरून लक्षात येतं. १८१८ साली घेतलेला हा पुतळा पूर्ण एकोणिसावं शतक सीझरचा सर्वात अस्सल चेहरा मानला गेला, लोकांनी त्याच्या नजरेत प्रतिभा पाहिली, करारीपणा पाहिला, चरित्रांमध्ये त्याचीच चित्रं छापली. पुढे विसाव्या शतकात बारकाईने पाहणी झाली तेव्हा दिसलं की त्याची कातडी मुद्दाम खरवडून, ठोकून जुनाट केलेली आहे, म्हणजे तो साधारण १८०० च्या सुमाराचा बनावट पुतळा. शंभर वर्षं अभ्यासू माणसांना जे दिसत होतं ते त्यांच्या मनातलं होतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चित्रकारांकडे वळायचं तर मध्ययुगाला या सगळ्याची फिकीरच नव्हती. हस्तलिखितांमधल्या चित्रांत सीझर चिलखत घातलेला, मुकुटवाला, कधी दाढीवाला युरोपी राजा असतो. फ्रेंच पत्त्यांमध्ये चौकटचा राजा म्हणजे सीझर, तिथे त्याचं नावच छापलेलं असतं.

नाण्यावरचा सीझर परत आला तो इटलीत, मांतेन्यामुळे. या चित्रकाराला प्राचीन वस्तूंचा भयंकर नाद, आणि मांतुआच्या गोंझागा घराण्यासाठी त्याने साधारण १४८४ पासून सीझरच्या विजय मिरवणुकीची नऊ प्रचंड चित्रं काढली, प्रत्येक पावणेतीन मीटरच्या आसपास लांबरुंद. शिंगं-तुताऱ्या, लुटीची हत्यारं, हत्ती, कैदी, आणि पार शेवटच्या नवव्या चित्रात रथावर बसलेला सीझर, सुकलेल्या चेहऱ्याचा. रंग तेलातला नव्हता, सरस आणि अंड्यात कालवलेला, तोही कापडावर, म्हणजे अतिशय नाजूक. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने १६२९ मध्ये ती घेतली आणि तेव्हापासून दुरुस्तीच्या नावाखाली त्यांचे फार हाल झाले, कुणी वरून तेलरंग चढवला, कुणी मेण मुरवलं. १९६२ ते १९७४ अशी बारा वर्षं जॉन ब्रीली यांनी थर उतरवत उतरवत मूळ मांतेन्या जमेल तेवढा मोकळा केला. लंडनजवळच्या हॅम्पटन कोर्ट राजवाड्यात आज जे दिसतं ते त्या चिकाटीमुळे.

टिशियन या इटालियन चित्रकाराच्या सीझरचं नशीब एवढंही नव्हतं. त्यानेही मांतुआसाठीच १५३० च्या दशकात अकरा रोमन सत्ताधीशांची चित्रं केली, सुरुवात सीझरपासून. तीही चार्ल्सने विकत घेतली, पण गोंझागांच्या संग्रहातली चित्रं ज्या जहाजातून लंडनला निघाली त्यातच पारा भरलेला होता, तो सांडला आणि बरीच चित्रं काळी पडली, एक तर इतकं बिघडलं की व्हॅन डाइक या चित्रकाराकडून नवीन काढून घ्यावं लागलं. चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर ती स्पेनला गेली आणि १७३४ मध्ये माद्रिदच्या राजवाड्याला आग लागली त्यात सगळी गेली. त्यांच्यावरून एगिडियस साडेलरने धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या प्रती उरल्या, आणि युरोपभर टिशियनचा सीझर माहीत आहे तो त्यांच्यामुळे.

जेरोम या फ्रेंच चित्रकाराचं १८६७ चं चित्र आता अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममध्ये आहे. खून होऊन गेलाय, हल्लेखोर हत्यारं उंचावून मागच्या दाराकडे निघालेत, एक लठ्ठ सिनेटर अजून आपल्या जागेवरच बसलाय, बाकी सभागृह रिकामं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चित्र काढलं तो सीझर डावीकडे खाली कोपऱ्यात पडलाय, टोग्यात, म्हणजे रोमन लोकांच्या अंगावरच्या लांब वस्त्रात, गुंडाळलेला, चेहरा सावलीत, जवळजवळ न दिसणारा. सुएटोनियस लिहितो की वार होताना सीझरने टोगा डोक्यावरून ओढून घेतला होता.