माशाच्या कानातला खडा आणि समुद्रातला शेजारधर्म

उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्याला लोफोटेन नावाची बेटं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या पाण्यात कॉड मासे अंडी घालायला जमतात. एक मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. ती अंडी पाण्यावर तरंगतात, किनाऱ्यालगतचा प्रवाह त्यांना उत्तरेकडे आणि पुढे पूर्वेकडे वाहून नेतो, वाटेत त्यांतून पिल्लं बाहेर पडतात, आणि उन्हाळा सरेपर्यंत ती बॅरेंट्स समुद्रभर पांगलेली असतात. त्यातली बरीचशी रशियाच्या हद्दीत वाढतात. सहा-आठ वर्षांनी अंगानं भरलेला हाच मासा शेकडो किलोमीटर पोहत पुन्हा लोफोटेनला येतो.

मग हा मासा कुणाचा? जिथे जन्मला त्या देशाचा, की जिथलं अन्न खाऊन वाढला त्या देशाचा? कॉडपुरता हा प्रश्न नॉर्वे आणि रशियाचा आहे, पण जगातल्या बहुतेक किनारी देशांना तो या ना त्या माशाबाबत पडतोच. समुद्रावर ओढलेली रेघ मासा पाळत नाही. त्याला पाण्याचं तापमान कळतं, प्रवाह कळतो, भक्ष्य कळतं.

या प्रश्नाच्या मुळाशी एक छोटं गणित आहे. समजा, एका माशाचा साठा असा आहे की आज समुद्रात सोडलेला एक टन मासा वाढून, पिल्लं घालून पुढच्या वर्षी १.३ टन होतो. समुद्र एकाच देशाचा असेल तर निर्णय सोपा आहे. तीस टक्के वाढ कोणती बँक देते? मासा पाण्यातच राहू द्यावा. आता त्याच साठ्यावर दोन देशांची जाळी पडतात असं धरा. मी आज एक टन सोडला तर पुढच्या वर्षी १.३ टन होईल खरा, पण त्यातला निम्मा शेजाऱ्याच्या जाळ्यात जाईल. माझ्या हाती येणार ०.६५ टन. त्यापेक्षा आज एक टन पकडलेला बरा. शेजारीही नेमकं हेच गणित मांडत असतो. दोघंही शहाणे, दोघांचाही हिशोब बरोबर, आणि साठा मात्र वर्षागणिक खचत जातो. डेव्हिड लेव्हारी आणि लेनर्ड मिरमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये हीच कोंडी रीतसर गणितात मांडली. दोन देशांनी आपापल्या पुरता विचार केला तर, एकत्र विचार केला असता त्यापेक्षा समुद्रात कमी मासा उरतो, असं त्यांचं समीकरण सांगतं. इथे कुणी दुष्ट असण्याची गरजच नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते.

कायद्यानं या कोंडीवर अर्धाच उपाय केला आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानं प्रत्येक किनारी देशाला २०० सागरी मैलांचं, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरचं, अनन्य आर्थिक क्षेत्र दिलं. त्याआधी आइसलंडनं आपली मासेमारीची हद्द ४ मैलांवरून १२, मग ५० आणि १९७५ मध्ये २०० मैलांवर नेली, तेव्हा ब्रिटिश युद्धनौका आणि आइसलंडची गस्ती जहाजं एकमेकांना धडका देत होती. नव्या हद्दींमुळे खुल्या समुद्रातली बेबंद मासेमारी बरीच आटोक्यात आली. पण जो साठा दोन-तीन देशांच्या क्षेत्रांत पसरलेला आहे त्याबद्दल कराराचं ६३ वं कलम एवढंच म्हणतं की, संबंधित देशांनी आपसांत सहमतीचा प्रयत्न करावा. प्रयत्न करा, असं. सहमती झाली नाही तर काय, यावर ते गप्प आहे.

नॉर्वे आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी मात्र हा करार होण्याची वाट पाहिली नाही. शीतयुद्ध ऐन भरात होतं, दोघं विरुद्ध लष्करी गोटांत होते, समुद्रातली सीमासुद्धा ठरलेली नव्हती (ती ठरायला २०१० साल उजाडलं). तरी १९७५ मध्ये त्यांनी मत्स्य करार केला आणि १९७६ मध्ये संयुक्त मत्स्य आयोगाची पहिली बैठक झाली. कॉड आणि हॅडॉक निम्मा-निम्मा. कॅपेलिन या लहान माशात नॉर्वेला ६० टक्के, रशियाला ४०. वाटणीचं हे मूळ प्रमाण पुढे हललं नाही. दरवर्षी वाद होतो तो एकूण किती पकडायचं यावर, कुणी किती यावर नाही. मला या व्यवस्थेतला हा फार मोठा शहाणपणा वाटतो. वाटा दरवर्षी नव्यानं भांडून घ्यायचा असता, तर मोजणीचा प्रत्येक आकडा हत्यार झाला असता.

दुसरं शहाणपण माशाच्या वयाशी निगडित आहे. रशियाच्या बाजूला लहान कॉड जास्त, नॉर्वेच्या बाजूला मोठा. प्रत्येकानं आपल्याच हद्दीत मासेमारी केली असती तर रशियन बोटींनी अर्धवट वाढलेला मासा उपसला असता. एक टन लहान कॉड म्हणजे कितीतरी अधिक जीव, आणि त्यातला एकही अजून अंडी घातलेला नाही. म्हणून रशियन बोटींना त्यांच्या वाट्याचा मोठा मासा नॉर्वेच्या हद्दीत येऊन पकडायची मुभा दिली गेली. आपल्या पाण्यात शेजाऱ्याला येऊ देण्यात नॉर्वेचाच फायदा होता, कारण रशियाकडे वाचलेलं पिल्लू पुढे लोफोटेनलाच अंडी घालायला येणार होतं. जाळ्याच्या आसाचा, म्हणजे त्याच्या छिद्राचा, आकारही हळूहळू जुळवला गेला. पूर्वी नॉर्वे १३५ मिलिमीटर मागायचा, रशिया १२५. २०११ पासून दोघांचा १३०. मासा किमान किती लांबीचा हवा, यावरही ४७ आणि ४२ सेंटिमीटरमधून ४४ ठरला.

पण एकूण किती पकडायचं हे ठरवायला आधी समुद्रात मासा किती आहे ते कळायला हवं, आणि या साऱ्या सहकार्याचा कणा तिथेच आहे. जंगलातली झाडं मोजता येतात; मासे दिसत नाहीत आणि एका जागी थांबतही नाहीत. म्हणून जहाजं ठरावीक रेषांवरून जातात, पाण्यात ध्वनिलहरी सोडतात आणि थव्यांवरून परतणारा प्रतिध्वनी टिपतात; ठरलेल्या ठिकाणी ठरलेला वेळ जाळं ओढून त्यात काय आलं ते मोजतात. वर्षभरात जन्मलेल्या पिल्लांची अशी मोजणी बॅरेंट्स समुद्रात १९६५ पासून होत आली आहे.

संख्येइतकंच वय महत्त्वाचं. माशाच्या डोक्यात, आंतरकर्णात, चुनखडीसारख्या पदार्थाचा एक खडा असतो. त्याला ओटोलिथ म्हणतात. झाडाच्या खोडात वलयं पडतात तशी त्यात दरवर्षी एक वलय पडतं. तो खडा मोडून किंवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की माशाचं वय कळतं. नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये वयांच्या नोंदींवरून दाखवून दिलं की मासेमारीतले चढउतार मुख्यतः कोणत्या वर्षी किती पिल्लं जगली यावर ठरतात. १९०४ साली जन्मलेल्या हेरिंगची एकच पिढी पुढे कित्येक वर्षं नॉर्वेच्या जाळ्यांत प्रामुख्यानं येत राहिली होती. वय माहीत असलं की हिशोब लावता येतो. पाच वर्षांचे मासे यंदा शंभर असतील आणि पुढच्या वर्षी सहा वर्षांचे साठच दिसले, तर चाळीस गेले. त्यातले जाळ्यात किती गेले हे ठाऊक असेल तर बाकीचे निसर्गतः मेले. असं पिढीमागून पिढी मांडत गेलं की साठ्याचं चित्र उभं राहतं.

आता अडचण अशी की खड्यावरचं वलय वाचणं हे कसबाचं काम आहे. एकाला सात दिसतात, दुसऱ्याला आठ. दोन देशांच्या वाचकांत एका वर्षाचा कायमचा फरक पडला तरी साठ्याचा अंदाज पार बदलतो, आणि मग वाटाघाटीत दोघं आपापला आकडा घेऊन बसतात. म्हणून नॉर्वेतली बर्गनची संस्था आणि रशियातली मुर्मान्स्कची संस्था यांनी १९९२ पासून दरवर्षी खड्यांची देवाणघेवाण सुरू केली. तेच खडे दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी वाचायचे, फरक कुठे पडतो ते पाहायचं, समोरासमोर बसून तो मिटवायचा. बातम्यांत न येणारं हे काम मला कोणत्याही सह्यांच्या समारंभापेक्षा मोलाचं वाटतं.

म्हणून सगळं सुरळीत चाललं असं मात्र नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत कोट्याबाहेर पकडून नोंद न केलेला कॉड वर्षाला एक लाख टनांच्या घरात असावा असा नॉर्वेचा अंदाज होता. रशियाला तो आकडा मान्य नव्हता. २००७ मध्ये ईशान्य अटलांटिकमधल्या देशांनी बंदरांवरची तपासणी कडक केली. बोट माल उतरवायला आली की तिच्या देशाकडून कोट्याची खातरजमा झाल्याशिवाय परवानगी नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांत ही चोरी जवळजवळ थांबली. साठा इतका सावरला की २०१३ साठी दहा लाख टनांचा कोटा देता आला. पुढे निसर्गानं हात आखडता घेतला, लागोपाठ कमी पिल्लं जगली, आणि २०२५ चा कोटा ३ लाख ४० हजार टनांवर आला. २०२२ मध्ये कोट्याचा सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय सागरी संशोधन परिषदेत रशियाचा सहभाग स्थगित झाला, तेव्हा दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी वेगळा द्विपक्षीय गट करून कोट्याचा सल्ला देणं चालू ठेवलं. कपातही दोघांनी मिळूनच सोसली.

याच अटलांटिकमध्ये मॅकरेलचं नेमकं उलटं झालं. हा आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा. ब्रिटिश बेटांच्या पश्चिमेला अंडी घालतो आणि उन्हाळ्यात चरायला उत्तरेकडे जातो. साधारण २००७ पासून तो मोठ्या संख्येनं आइसलंडच्या पाण्यात शिरू लागला. पाणी उबदार झालं होतं, साठाही वाढलेला होता. युरोपीय संघ आणि नॉर्वे म्हणाले, वर्षानुवर्षं आम्ही पकडत आलो, वाटा आमचा. आइसलंड म्हणालं, मासा आमच्या समुद्रात चरून वजन वाढवतो, आम्हाला वाटा द्या. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. तोडगा निघाला नाही, तेव्हा २०१० मध्ये आइसलंडनं स्वतःच १ लाख ३० हजार टनांचा कोटा जाहीर केला आणि फेरो बेटांनी ८५ हजार टनांचा. बाकीच्यांनी आपला वाटा कमी केला नाही. शास्त्रज्ञ किती पकडावं ते दरवर्षी सांगत राहिले आणि सगळ्यांच्या कोट्यांची बेरीज दरवर्षी त्याच्या वर जात राहिली. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये या मासेमारीचं शाश्वततेचं प्रमाणपत्र स्थगित झालं. २०२६ साठी शास्त्रज्ञांनी पकड सुमारे ७० टक्क्यांनी कमी करायचा सल्ला दिला.

मोजणी इथेही उत्तम होती. शास्त्र कमी पडलं नाही. वाट्याचं प्रमाण जुन्या नकाशावर बेतलेलं होतं आणि मासा नव्या नकाशावर पोहत होता. असं पुढे वारंवार होणार आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की २०३० पर्यंत सामायिक साठ्यांपैकी सुमारे २३ टक्के सरकलेले असतील.

सरकणाऱ्या माशाची वाटणी कशी करावी, याचं उत्तर पॅसिफिकमधल्या चिमुकल्या देशांनी शोधलं, आणि ते मला फार आवडतं. किरिबाती, तुवालू, नाउरू, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया, पलाऊ, सॉलोमन बेटं आणि पापुआ न्यू गिनी हे आठ देश १९८२ च्या नाउरू करारानं बांधलेले आहेत. त्यांच्या पाण्यात स्किपजॅक टूना प्रचंड प्रमाणात सापडतो, पण तो पकडणाऱ्या मोठ्या पर्ससीन बोटी (थव्याभोवती जाळं टाकून ते खालून आवळणाऱ्या) बहुतांशी दूरच्या देशांच्या. पूर्वी या बोटी एकेका देशाशी वेगळा सौदा करून कवडीमोलानं परवाने मिळवायच्या. त्यात एल निनोची भर. एल निनोच्या वर्षी पश्चिम पॅसिफिकमधलं कोमट पाणी पूर्वेकडे सरकतं आणि त्याच्या कडेनं टूनाही हजारो किलोमीटर पूर्वेला जातो. त्या वर्षी किरिबातीची चंगळ आणि पापुआ न्यू गिनीची उपासमार. ला निनाला उलट.

या देशांनी २००७ पासून मासे वाटण्याऐवजी दिवस वाटायला सुरुवात केली. सगळ्यांच्या पाण्यात मिळून वर्षाला बोटींनी किती दिवस मासेमारी करायची ते ठरवायचं, ते दिवस देशांत वाटायचे आणि प्रत्येकानं ते बोटींना विकायचे. एका दिवसाची किमान किंमत सगळ्यांनी मिळून ठरवली. ती पुढे ८,००० डॉलर झाली. देश आपापसांतही दिवसांची खरेदी-विक्री करू शकतात. टूना पूर्वेला गेला की पश्चिमेचा देश आपले दिवस पूर्वेच्या देशाला विकतो, आणि मासा आपल्या पाण्यात नसतानाही त्याला उत्पन्न मिळतं. २०१० च्या सुमारास सहा कोटी डॉलरच्या आसपास असलेलं एकत्रित उत्पन्न दहा वर्षांच्या आत पन्नास कोटींच्या घरात गेलं. उपग्रहावरून बोटींचा माग काढला जातो, म्हणून दिवसाचा हिशोब पक्का राहतो.

शेजाऱ्यानं हात आवरावा म्हणून त्याला भरपाई देणं ही कल्पना मात्र जुनी आहे. १९११ मध्ये अमेरिका, ब्रिटन (कॅनडाच्या वतीनं), जपान आणि रशिया यांनी उत्तर पॅसिफिकमधल्या फर सीलबाबत करार केला. जपान आणि कॅनडानं खुल्या समुद्रातली शिकार सोडली. बदल्यात, सील ज्या बेटांवर पिल्लं घालतात तिथे होणाऱ्या मर्यादित शिकारीतली ठरावीक टक्के कातडी त्यांना मिळू लागली. नामशेष व्हायला आलेला प्राणी काही दशकांत सावरला.

बेरिंग समुद्राच्या मधोमध, अमेरिका आणि रशियाच्या हद्दींच्या मध्ये, कुणाचीच सत्ता नसलेला एक तुकडा आहे. तिथे १९८० च्या दशकात अनेक देशांच्या बोटींनी पोलॉक मासा वर्षाला दहा लाख टनांहून जास्त उपसला. काही वर्षांत पकड काही हजार टनांवर आली. १९९४ मध्ये सहा देशांनी करार केला खरा, पण साठा पुन्हा मासेमारी करण्याजोगा झालेलाच नाही.

त्याची आठवण ताजी असतानाच उत्तर ध्रुवाभोवतीचा बर्फ वितळू लागला. तिथल्या मध्यभागी सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर समुद्र कोणत्याच देशाच्या हद्दीत येत नाही आणि तिथे व्यावसायिक मासेमारी कधी झालेलीच नव्हती. २०१८ मध्ये ग्रीनलंडमधल्या इलुलिसाट इथे नऊ देश आणि युरोपीय संघ यांनी करार केला. त्यात नॉर्वे, रशिया, अमेरिका, चीन, जपान, सगळे आहेत. २०२१ मध्ये तो अमलात आला. सोळा वर्षं तिथे व्यावसायिक जाळं टाकायचं नाही. तोवर कोणते मासे आहेत, किती आहेत, काय खातात आणि कुठे अंडी घालतात, हे सगळ्यांनी मिळून शोधायचं.