हिराकसाच्या पाण्यातली पट्टी

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधली गोष्ट. दोन मित्रांचं द्वंद्व सोडवायला लेखक जेम्स हॉवेल मध्ये पडला आणि तलवारीचं पातं हातानं धरून बसला. जखम हाडापर्यंत गेली. राजाच्या शल्यवैद्यांचे उपचार चालू होते, पण हात सडतो की काय, अशी धास्ती होती. मग हॉवेल सर केनेल्म डिग्बी या दरबारी, प्रयोगप्रेमी गृहस्थांकडे गेला. त्यांनी विचारलं, जखमेचं रक्त लागलेलं काही आहे का? पहिल्यांदा हाताला गुंडाळलेली, मोजे बांधायची पट्टी मागवली गेली. डिग्बींनी तस्तातल्या पाण्यात हिराकसाची, म्हणजे लोखंडाच्या हिरवट क्षाराची, पूड विरघळवली आणि पट्टी त्यात बुडवली. खोलीच्या कोपऱ्यात कुणाशी तरी बोलत उभा असलेला हॉवेल दचकला. हातावर ओला गार रुमाल ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाला, ठणका गेला! जेवणानंतर डिग्बींनी पट्टी काढून शेकोटीपुढे वाळत टाकली, तर हॉवेलचा नोकर धावत आला: मालकांचा हात पुन्हा पेटलाय. पट्टी परत पाण्यात गेली. पाच-सहा दिवसांत जखम भरली.

ही हकीकत खुद्द डिग्बींची, १६५८ साली छापलेल्या त्यांच्या व्याख्यानातली. म्हणजे वैद्य, साक्षीदार आणि न्यायाधीश, सगळं एकच.

पण हा माणूस भोंदू नव्हता. जन्म १६०३ चा. राजाला संसदेसकट उडवायच्या गनपावडर कटात वडिलांना १६०६ मध्ये देहदंड झाला, तेव्हा पोर अडीच वर्षांचं होतं. तेच पोर पुढे पहिल्या चार्ल्सच्या दरबारात वावरलं, १६२८ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या इस्केंदेरूनच्या बंदरात आरमारी लढाईही जिंकलं. १६३३ मध्ये बायको व्हेनेशिया झोपेतच गेली. डिग्बींनी चित्रकार व्हॅन डाइककडून मृत्युशय्येवरचं तिचं चित्र काढून घेतलं आणि शोकाच्या काळ्या वस्त्रांत लंडनच्या ग्रेशम कॉलेजात जाऊन रसायनांच्या प्रयोगांत स्वतःला बुडवून घेतलं.

त्यांची नजर पाहायची असेल तर १६४४ च्या ग्रंथातली अंडी पाहावीत. बरीच अंडी एकदम उबवायला ठेवा, म्हणतात, आणि वेगवेगळ्या वेळी एकेक फोडा. आधी पांढऱ्यात एका बाजूला स्वच्छ चकाकी दिसते, मग तिच्यात रक्ताचा इवलासा ठिपका, उघडमीट करणारा. ते काळीज! पिल्लू आधीपासून चिमुकल्या रूपात तयार नसतं, अवयव क्रमाक्रमानं घडतात, हे त्यांना यातून दिसलं. १६६१ मध्ये वनस्पतींवर बोलताना हवेत जीवनाचं गुप्त अन्न आहे, असंही ते सांगून गेले. ते अन्न म्हणजे सोऱ्याचा, बंदुकीच्या दारूत घालतात त्या क्षाराचा, अंश, हे मात्र चुकलं.

पट्टीच्या बाबतीतही गोची स्पष्टीकरणातच झाली. यात जादू नाही, हे ते बजावून सांगत. प्रकाशाबरोबर रक्ताचे आणि हिराकसाचे कण हवेत पसरतात, तापलेली जखम हवा ओढून घेते, रक्ताचे कण आपल्या घरी परततात आणि हिराकसाचे कण त्यांच्यासोबत पोचतात! साखळी डौलदार आहे. नुसती जखम धुऊन, पूड न वापरता दुसऱ्या कुणाला बरं होऊ द्यावं, ही तुलना मात्र राहून गेली.

खरं औषध त्यांच्याच हकिकतीत एका वाक्यात आहे आणि ते सहज नजरेतून सुटतं. पट्टी पाण्यात टाकल्यावर त्यांनी हॉवेलला सांगितलं होतं: सगळी मलमं फेकून दे, जखम फक्त स्वच्छ ठेव, फार गरम नको, फार गार नको.