गेमिंग माऊस : प्रकार व तुलना

गेमिंग माऊस : संगणकावरील खेळांसाठी खास बनवलेला माऊस. झपाट्याने फिरवला तरी तो हालचाल न चुकता टिपतो, ती संगणकाला साध्या माऊसपेक्षा जास्त वेळा कळवतो आणि त्याची बटणे अधिक दाबांना पुरावीत अशी असतात. दोन माऊसांची तुलना बहुधा खोक्यावर छापलेल्या आकड्यांवरून केली जाते. त्यांतला सर्वांत ठळक छापलेला आकडा, म्हणजे डीपीआय (माऊस किती बारीक हालचाल मोजतो ते सांगणारा), प्रत्यक्ष खेळताना सर्वांत कमी कामाचा असतो.

डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून आणि बिल इंग्लिश यांच्या हातून १९६४ च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेला पहिला माऊस म्हणजे खाली दोन चाके लावलेला लाकडी ठोकळा होता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. पुढे चाके जाऊन गोळी आली. गोळीवरचा मळ आतल्या रुळांवर साचे आणि पडद्यावरचा बाण अडखळू लागे. तो मळ नखाने खरवडण्याचे काम एका अख्ख्या पिढीने केले आहे. १९९६ च्या ‘क्वेक’सारख्या नेमबाजीच्या खेळांत माऊसने नजर फिरवण्याची पद्धत रुळली, तसा हा अडखळणारा बाण खेळाडूंना परवडेना. १९९९ मध्ये रेझर कंपनीचा बूमस्लँग खास खेळांसाठी म्हणून आला, पण तोही गोळीचाच. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आणला. त्यात गोळीऐवजी एलईडी दिव्याचा प्रकाश होता, आणि आधीच्या ऑप्टिकल माऊसांना लागणारी रेघांची खास पाटीही त्याला लागत नसे. २००४ मध्ये लॉजिटेकच्या एमएक्स १००० मधून लेसर आला. चकचकीत पृष्ठभागावर तो सरस ठरला. मात्र कापडी पॅडवर तो विणीच्या आतले बारकावेही टिपतो आणि वेगानुसार त्याचे मोजमाप थोडे बदलते. म्हणूनच नेमबाजीचे खेळाडू पुन्हा एलईडीच्या सेन्सरकडे वळले.

हा सेन्सर म्हणजे एक छोटा कॅमेराच असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो चित्रे घेतो आणि लागोपाठच्या दोन चित्रांतील सरक मोजतो. हात इतक्या जोरात फिरला की दोन चित्रांत सामाईक भागच उरला नाही, तर हिशेब चुकतो आणि नेम एकदम जमिनीकडे किंवा आकाशाकडे जातो. ही मर्यादा आयपीएस, म्हणजे सेकंदाला किती इंच, या एककात सांगतात. सेन्सर बनवणाऱ्या पिक्सआर्ट कंपनीच्या ३३६० या गाजलेल्या सेन्सरची मर्यादा २५० आयपीएस आहे, म्हणजे सेकंदाला ६.३५ मीटर. खेळताना एवढ्या वेगाने हात क्वचितच फिरतो. त्यामुळे या दर्जाच्या पुढे सेन्सर-सेन्सरमधला फरक हाताला जाणवणे कठीण.

डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकल्यावर संगणकाकडे जाणाऱ्या मोजणीच्या टिचक्या. ८०० डीपीआय असेल आणि एका टिचकीला बाण एक पिक्सेल सरकत असेल, तर १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा ओलांडायला साधारण ६ सेंटिमीटर हात हलवावा लागतो. २६,००० डीपीआयवर तेच अंतर दोन मिलिमीटरांहूनही कमी हालचालीत संपते. अशा माऊसने नेम धरणे सोडाच, एखादी फाइल उघडणेही अवघड! नेमबाजीच्या खेळांत ४०० ते १६०० डीपीआय सर्रास वापरले जातात. शिवाय खेळातील सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माऊसच्या हालचालीला नेम किती फिरावा याची सेटिंग, वेगळी असतेच. ४०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी २ ठेवली काय, किंवा ८०० आणि १ ठेवली काय, नेम सारख्याच वेगाने फिरतो. दोन माऊस शेजारी ठेवून पाहताना हा गुणाकार आधी सारखा करून घ्यावा, नाहीतर माऊसऐवजी सेटिंगचीच तुलना होते.

पोलिंग रेट म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा माहिती पाठवतो तो दर. साध्या माऊसचा तो बहुधा १२५ हर्ट्झ, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. गेमिंग माऊसचा १००० हर्ट्झ, म्हणजे दर मिलिसेकंदाला. हा फरक खरा आहे. पुढे ८००० हर्ट्झला गेल्यावर हाती लागतो तो मिलिसेकंदाचाही अंश, आणि प्रोसेसरवरचा भार मात्र वाढतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर नवे चित्रच १६.७ मिलिसेकंदांनी उमटते, तिथे हा खर्च वायाच.

वायरलेस माऊस मंद असतो, ही समजूत एकेकाळी बरोबर होती. आता संगणकाला लावायचा स्वतंत्र रिसीव्हर असलेला चांगला वायरलेस माऊस वायरच्या माऊसइतकाच चपळ असतो. ब्लूटूथवर मात्र विलंब वाढतो. वजनाबाबत तर मत पार उलटले. २००५ च्या लॉजिटेक जी५ सोबत वजन वाढवण्यासाठी धातूचे छोटे तुकडे मिळत. २०२० चा त्याच कंपनीचा सुपरलाइट, बॅटरीसकट, ६३ ग्रॅमच्या आत बसवला गेला. हलका माऊस फिरवायला आणि थांबवायला कमी जोर लागतो. पण ६० आणि ५५ ग्रॅममधल्या फरकासाठी जादा पैसे मोजावेत असे वाटत नाही.

खरा निवाडा होतो तो आकारावर, आणि नेमके तेच कुठल्या तक्त्यात मांडता येत नाही. पूर्ण तळवा टेकवून धरणाऱ्याला मागे उंचवटा असलेला लांब माऊस लागतो. बोटे नख्यांसारखी वाकवून धरणाऱ्याला तो उंचवटा तळव्याच्या टोकाशी टेकलेला हवा. नुसत्या बोटांच्या टोकांनी पेलणाऱ्याला मागचा भाग जितका आखूड तितका बरा. हाताची लांबी मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेषेपर्यंत मोजून माऊसच्या मापांशी ताडता येते. तरी कडांचा बाक, अंगठ्याखालची खोलगट जागा, करंगळी पॅडवर घासते का, हे हातात धरल्याशिवाय कळत नाही. डावखुऱ्यांची इथेही पंचाईत आहे. दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे माऊस पुष्कळ, पण त्यांतल्या बऱ्याचशांची बाजूची बटणे उजव्या हाताच्या अंगठ्यासाठीच असतात.

बटणे किती हवीत हे खेळावर ठरते. नेमबाजीत बाजूची दोन पुरतात. शेकडो खेळाडूंच्या ऑनलाइन भूमिका-खेळांत मंत्र, शस्त्रे, औषधे अशी बरीच कामे हाताशी लागतात; २००९ च्या रेझर नागामध्ये नुसत्या अंगठ्याखाली बारा बटणे होती. बटणाखालचा स्विच दोन कोटी, पाच कोटी दाबांचा म्हणून विकला जातो, तरी गेमिंग माऊस बहुधा इथेच दगा देतो. धातूची पाती झिजली किंवा तिच्यावर गंज धरला की एका दाबाचे दोन क्लिक होऊ लागतात. अशी थरथर गाळण्यासाठी पहिल्या क्लिकनंतर माऊस काही मिलिसेकंद पुढचे संकेत मोजत नाही. ही मुदत फार कमी ठेवली तर क्लिक दुप्पट होण्याचा धोका वाढतो. पातीऐवजी प्रकाशकिरण जोडून-तोडून काम करणाऱ्या ऑप्टिकल स्विचमध्ये ही अडचण येत नाही. मात्र त्याचा दाब काहींना बोथट वाटतो.